मौनाचा सोयीस्कर समन्वय

ख्रिस्ती ध्यानपरंपरा आणि बौद्ध साधना यांच्या संवादाविषयी लिहिताना ‘अनुभव एकच, भाषा तेवढ्या भिन्न’ हे सूत्र इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की ते एक गृहीतक आहे याचाच विसर पडतो. या सूत्राने संहिता केवळ टरफल ठरते. आणि संहिता टरफल ठरली की समीक्षेला करण्याजोगे काही उरत नाही.

डी. टी. सुझुकी यांच्या ‘मिस्टिसिझम : ख्रिश्चन अँड बुद्धिस्ट’ (१९५७) या ग्रंथात डोमिनिकन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट झेनच्या अगदी निकट आणून ठेवला आहे. पोपने १३२९ मध्ये एकहार्टच्या २८ विधानांवर ठपका ठेवला होता, ही गोष्ट अशा वाचनाला पोषकच ठरते : चर्चने ज्याला दूर सारले तो बौद्धांचा! परंतु दारिद्र्यावरील प्रवचनात एकहार्ट ‘ईश्वरा’पासून मुक्ती मागतो ती ईश्वरापाशीच. ईश्वरासाठी जागादेखील उरू नये असे तो म्हणतो खरा; पण ते ईश्वरच आपल्या कार्याची जागा व्हावा यासाठी. म्हणजे कर्ता उरतोच, आणि नकार प्रार्थनेचेच रूप घेतो. नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिके’च्या आरंभीही वंदन आहे, मात्र ते प्रतीत्यसमुत्पाद सांगणाऱ्या बुद्धाला, आणि त्यात मागणे नाही. तेथील शून्यता म्हणजे स्वभावाचा अभाव. ती शून्यताही पुन्हा स्वभावरहितच. हा भेद शब्दांच्या पोशाखाचा नसून विचाराच्या घडणीचा आहे.

सुझुकींशी प्रत्यक्ष संवाद करणाऱ्या टॉमस मर्टन या ट्रॅपिस्ट साधूला याचे भान होते. ‘झेन अँड द बर्ड्स ऑफ ॲपेटाइट’ (१९६८) मध्ये समाविष्ट झालेल्या या संवादात तो चित्तशुद्धी आणि शून्यता यांना जवळ आणतो. पण चित्तशुद्धी हे अंतिम साध्य नव्हे, हा मरुभूमीतील साधकांचा आग्रह सोडत नाही. मर्टनचा गौरव करणारे बहुधा त्याची जवळीक उचलतात आणि हा आग्रह गाळतात.

स्टीव्हन कॅट्झ यांनी १९७८ मध्ये मांडले की संकल्पनांच्या मध्यस्थीविना गूढानुभव संभवत नाही. रॉबर्ट फोरमन यांनी १९९० मध्ये त्याचा प्रतिवाद केला. हा वाद समीक्षकाने मिटविण्याची गरज नाही. त्याच्या हाती अनुभव येत नाही, संहिता येते. आणि संहिता ‘एकच’ म्हणत नाहीत.

मराठी अभ्यासकाला तर हे सूत्र स्वीकारणे विशेष महाग पडेल. सुझुकींचा ग्रंथ निघाला त्याच १९५७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. ईश्वर आणि आत्मा नाकारून धम्म माणसामाणसांमधील संबंधांत पाहणाऱ्या या ग्रंथाला अनुभवैक्याच्या चौकटीत जागाच नाही. तिथे एकतर त्याला बौद्ध साधनेबाहेर ढकलावे लागते, नाहीतर त्याचा नकार निरुपद्रवी करून घ्यावा लागतो. जो समन्वय आपल्याच भाषकांच्या धम्माला असा मुका करतो, त्याला संवाद म्हणण्याचे कारण नाही. संवादाला दोन पक्ष लागतात, आणि त्यांतील प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार लागतो.