पाकिटातले थॅम्नोलिया

टुंड्रातले थॅम्नोलिया हे शैवाक हातात घेतले तर पांढऱ्या, पोकळ गांडुळासारखे दिसते. त्याचे दोन रासायनिक प्रकार आहेत, पण जमिनीवर पडलेले ओळखू येत नाहीत. थॅम्नोलिक आम्ल असलेला प्रकार संग्रहात काही वर्षांनी गुलाबीसर होतो. दुसरा पांढराच राहतो, आणि अतिनील दिव्याखाली धरला की उजळतो.

‘चांगले फोटो मिळत असताना नमुने कशाला उचलायचे?’ असे तरुण सहकारी विचारतात. त्यांच्या प्रश्नामागची कळकळ आम्हाला मान्य आहे, पण फोटो गुलाबी होत नाही.

नॉर्वेचे बेर्न्त लिंगे १९२१ साली होल्टेडाल यांच्या मोहिमेबरोबर नोवाया झेमल्याला गेले आणि तिथली शैवाके घेऊन आले. पुढे १९५५पासून त्याच बेटांवर सोव्हिएत अणुचाचण्या सुरू झाल्या. १९६१चा सर्वांत मोठा स्फोटही तिथलाच. शैवाकाला मुळे नसतात. हवा-पावसातून येईल ते सगळे ते शोषून घेते. म्हणूनच किरणोत्सारी सीझियम शैवाकातून रेनडिअरमध्ये आणि तिथून माणसांत पोहोचले. चाचण्यांपूर्वीची बेटे आज पाहायची तर लिंगे यांच्यासारख्यांच्या नमुन्यांची पाकिटेच उघडावी लागतात. गोळा करताना त्यांना याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

मात्र ओरबाडू नका. ऱ्हायझोकार्पॉन या खडकावरच्या शैवाकाचा हिरवा-पिवळा ठिपका वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. रुपयाएवढा ठिपका छिन्नीने उडवला की कित्येक दशकांची वाढ गेली. मोठा, एकुलता ठिपका जागेवरच ठेवावा, लहानांतला एखादा कपचीसह घ्यावा.

घेतलेल्याचे चीज होते ते लेबलने. जुन्या पाकिटांवर नुसते ‘स्पिट्सबर्गेन’ असे अख्ख्या बेटाचे नाव लिहिलेले पाहिले की जीव हळहळतो. त्याच बेटावर न्यू-ऑलेसुंडला २००८पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, तेव्हा हे आपल्याही माणसांना सांगायला हवे. अक्षांश-रेखांश आता यंत्र देते. खडक मात्र तुम्हीच पाहायचा. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला का? उतार कुठल्या दिशेचा? बर्फ उशिरापर्यंत साचून राहते का? वर पक्ष्यांची वस्ती आहे का? विष्ठेने खतावलेल्या कड्यावरची शैवाके निराळीच असतात. केंद्रावर परतून लिहू म्हटले की पाच कपच्यांतली ओढ्याकाठची कुठली, ते आठवत नाही. शिसपेन्सिल गळ्यात अडकवा आणि लेबल दगडापाशी बसूनच लिहा.