एकाच्या बदली दहा!

गेल्या श्रावणात गावाहून पुतण्याचे पत्र आले. पत्र म्हणायचे ते आपले जुन्या सवयीने. आले ते मोबाइलवर. कोकणात आमच्या घरामागच्या उतारावर साडेतीन एकर सामाईक रान अजून उभे आहे. सात हिस्सेदारांपैकी सहांनी ते लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायचे ठरविले आहे, आणि सातवी सही माझी हवी आहे. पुतण्या शिकलेला आहे, शिवाय काकाचा स्वभाव ओळखून आहे. म्हणून शेवटी त्याने लिहिले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. एक झाड तोडले तर दहा लावू. काजू लावू. कर्बाचा हिशेब उलट फायद्यातच येईल!"

वाचकहो, मी त्या मुलावर रागावलो नाही. 'एकाच्या बदली दहा' हा मंत्र त्याने घरी शोधून काढलेला नाही. तो साऱ्या देशाने त्याच्या कानात फुंकला आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा उजाड माळावर चार झाडे लावावीत एवढाच त्यात साधा हेतू होता. त्याला कोण नाक मुरडील? पुढे आपल्या महाराष्ट्राने २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि २०१९ साली तेहेतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले. तेही ठीक. गोची झाली ती निराळ्याच ठिकाणी. झाड लावणे हा झाड तोडण्याचा परवाना होऊन बसला! जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर पर्यायी वनीकरण करावे, असा नियम आहे, आणि त्या पैशाच्या व्यवस्थेसाठी २०१६ साली स्वतंत्र कायदाही झाला. ग्रेट निकोबार बेटावरचे सुमारे १३० चौरस किलोमीटर सदाहरित अरण्य बंदर, विमानतळ आणि नव्या वसाहतीसाठी द्यायचे ठरले, आणि त्याची भरपाई म्हणून झाडे लावायची ठरली ती कोठे, तर हरयाणात! घरातली आजी गेली म्हणून परगावच्या दहा बारशांचे पेढे वाटावेत आणि 'माणसे वाढलीच की' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

आता पुतण्याचा हिशेब त्याच्याच वहीत मांडून पाहू. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते, त्यातल्या कर्बाचे लाकूड करते आणि प्राणवायू सोडून देते. वाळलेल्या लाकडाचे वजन केले तर जवळजवळ निम्मा कर्बच. ते जाळले की एक किलो कर्बामागे साडेतीन किलोंहून अधिक वायू परत हवेत जातो. माझ्या आजोबांच्या आजोबांनी पाहिलेल्या ऐनाने शंभर-दीडशे पावसाळे जे साठविले, ते एखाद्या बॉयलरच्या तोंडात एका दुपारी संपते. बदली लावलेले रोप त्या दिवशी गुडघ्याएवढे असते. ते जगले, गुरांनी खाल्ले नाही, वणव्यात सापडले नाही, तर हे कर्ज फिटणार माझ्या पणतवंडांच्या काळात. वायू मात्र तापविण्याचे काम आजपासूनच करणार. (आमच्या घराचे वासे किंजळीचे आहेत. त्यांतला कर्ब तीन पिढ्या छपरातच राहिला, हे मान्य. पण हा व्यापारी वासे करण्यासाठी रान घेत नाही. जळाऊ म्हणून टनावर घेतो.)

"पण कोवळी झाडे झपाट्याने वाढतात, म्हातारी झाडे थांबलेली असतात!" हे वाक्यही पुतण्याने कोठेतरी वाचले आहे. २०१४ साली शास्त्रज्ञांनी ४०३ जातींच्या झाडांची मापे तपासली, तेव्हा बहुतेक जातींत उलटे दिसले. झाड जितके थोर, तितकी वर्षाकाठी त्याच्या अंगी अधिक भर. नवे रान एकरी हिशेबाने जोरात वाढते, हे मी नाकारीत नाही. पण ते झाले व्याज. आणि चढ्या व्याजाच्या आशेने मुद्दल चुलीत घालणारा सावकार अजून जन्मायचा आहे.

शिवाय लाकूड हा त्या मुद्दलाचा लहान वाटा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांप्रमाणे देशातल्या जंगलांतला निम्म्याहून अधिक कर्ब मातीत आहे. आमच्या रानात ऐन-किंजळीखाली हिरडा, जांभूळ, त्यांच्यावरून गारंबीचा वेल, आणि खाली पाय रुततील इतका पाचोळा. लहानपणी आम्ही त्या गारंबीवर झोके घेत असू आणि आईच्या शिव्या खात असू. तो पाचोळा कुजून कुजून खालची माती काळी झाली आहे. काजूसाठी जेसीबीने तेथे पायऱ्या पाडल्या की ती माती उघडी पडणार, आणि आमचा आषाढ ती दोन वर्षांत खाडीत नेऊन टाकणार. मागे उरेल तांबडा जांभा.

आणि गंमत ऐका. एवढे होऊनही सरकारी नकाशावर काहीच बिघडणार नाही! एक हेक्टराहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांनी दहावा हिस्सा झाकला की सर्वेक्षण त्याला वनाच्छादन म्हणते. मग ते अरण्य असो की बाग. २०२३च्या अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. आमची काजूची बाग दाटली की बिचारी त्याच टक्क्यांत जाऊन बसेल. आपोआप वाढू दिलेले रान लागवडीच्या मळ्यापेक्षा सरासरी चाळीस पट कर्ब साठविते, असा हिशेब २०१९ साली 'नेचर'मध्ये छापून आला. कारण मळा दर काही वर्षांनी तोडण्यासाठीच लावलेला असतो. नकाशाला हा चाळीस पटींचा फरक दिसत नाही. रंग हिरवा, म्हणजे झाले.

राहता राहिला पैसा. येथे मात्र माझी जीभ जरा अडखळते. पुतण्याच्या मुलीला नर्सिंगला जायचे आहे, आणि फी भरायची आहे या दिवाळीनंतर. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळत आले आहे. रान तोडणाऱ्याला व्यापारी आगाऊ रक्कम देतो. बदली झाडे लावणाऱ्याचा गावात सत्कार होतो, फोटो छापून येतो. आणि ज्याने काहीच केले नाही, फक्त राखले, त्याला? गेल्या साठ वर्षांत त्या साडेतीन एकरांच्या नावे मला कोणी पाच रुपयेही पाठविलेले नाहीत. हजारो कोटींचा भरपाई-निधी आहे तो तोडल्यानंतरचा. तोडू नये म्हणून त्या मुलीची फी देणारे खाते मला कोठे सापडले नाही. हा उफराटा न्याय ज्यांनी लिहिला, त्यांना माझा सवाल आहे, पुतण्याला नाही.

आमच्या गावच्या देवरहाटीतली काडीसुद्धा कोणी उचलीत नाही. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखविले. गावकऱ्यांनी त्यांना आधीपासूनच देवाच्या धाकाने राखले होते. माझ्या रानात देव नाही. तेथे आहेत सात हिस्सेदार.

फीचे पहिल्या वर्षाचे पैसे मी माझ्या ठेवीतून काढले आहेत. दुसऱ्या वर्षाचे जमतील की नाही, सांगवत नाही. सही केलेली नाही. पाडव्याला पुतण्या सहकुटुंब फराळाला येणार आहे. कागदही बरोबर आणतो, असे त्याने कळविले आहे.