जपानहून मूर्ती आल्या, आता आपली मुले जाऊ द्या

विदर्भातील बौद्धांना जपान परका नाही. १९६० च्या दशकात भारतात आलेले जपानी भिक्खू भदंत सुरेई ससाई नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले आणि आपलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानी उपासकांच्या दानातून उभे राहिले. चंद्रपूर-गडचिरोलीहून लोक गाड्या करून ते पाहायला जातात. पण ब्रह्मपुरी, गोंडपिपरी, अहेरी किंवा कोरचीहून जपानच्या विद्यापीठात वर्षभर शिकून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या ओळखीत आहे काय? माझ्या ओळखीत तरी नाही. तिकडून मूर्ती येते, भिक्खू येतात, इकडून विद्यार्थी जात नाही.

विद्यार्थी आदानप्रदान म्हणजे काय, हेच आपल्या बहुतेक पालकांना कोणी सांगितलेले नाही. इथले विद्यापीठ आणि तिथले विद्यापीठ यांच्यात करार असतो. विद्यार्थी इथेच प्रवेश कायम ठेवतो, इथलीच फी भरतो आणि एक वर्ष तिथे शिकतो. तिथली फी बहुधा माफ असते. अनेक जपानी विद्यापीठे अशा विद्यार्थ्यांना इंग्रजीतून विषय शिकवतात. जपानची जासो ही संस्था निवडक विद्यार्थ्यांना महिन्याला ८० हजार येन देते, म्हणजे अलीकडच्या दराने ४५ हजार रुपयांच्या आसपास. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. म्हणजे हा श्रीमंतांच्या पोरांचा हौसेचा मामला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मग आपली मुले का जात नाहीत? पुण्यात जपानी भाषा शिकवणारी विद्यापीठे आहेत, परीक्षेची केंद्रे पुण्या-मुंबईत आहेत. जपान सरकार भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासासाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती देते, पण ती पदवीला जपानी घेतलेल्यांसाठी. एटापल्लीच्या मुलीने जपानी घ्यायची कुठे? व्हिसाआधी जे पात्रता प्रमाणपत्र लागते, त्यासाठी खर्च कोण करणार याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या बापाची कमाई धानाच्या एका पिकावर आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर, त्याने बँकेतली शिल्लक कुठून दाखवायची?

इथे सरकारने हात द्यायला हवा. पण शासनाचे नियम पाहा. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा ७५. ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. साठी, तीही जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात पूर्ण अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर. पदवीच्या मधल्या एका वर्षाला तिच्यात जागाच नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. वर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. म्हणजे बाहेर जाऊन जातीवर संशोधन करायचे असेल तर स्वतःच्या पैशाने करा! हे वगळणे सहज झाले, असे मानायला मी तयार नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. पुढे मजूर मंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी ब्रिटिश सरकारकडून पैसा मंजूर करून घेतला. हा पैसा त्यांनी भीक म्हणून मागितला नव्हता, हक्क म्हणून घेतला होता. आपल्या चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत आले आणि १६ ऑक्टोबर १९५६ च्या चंद्रपूरच्या धम्मदीक्षेसाठी राबले. एक माणूस बाहेर जाऊन शिकून आला तर जिल्ह्याला काय मिळते, हे चांद्याला वेगळे सांगायला नको.

जपानच का, असे कोणी विचारील. बुद्धाचा देश म्हणून, एवढेच उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्या देशात बुराकू नावाचा समाज आहे. चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे काम वाट्याला आलेला, वेगळ्या वस्तीत ठेवलेला. १८७१ साली फर्मान काढून त्यांना कागदावर मुक्त केले. महाडच्या पाच वर्षे आधी, ३ मार्च १९२२ रोजी त्यांनी क्योतोत सुइहेइशा ही स्वतःची संघटना काढली. तरी १९७५ साली उघडकीस आले की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या छापील याद्या कंपन्या विकत घेत होत्या, नोकरी नाकारण्यासाठी. २०१६ साली भेदभाव निर्मूलनाचा कायदा झाला, पण त्यात शिक्षेची तरतूदच नाही. ॲट्रॉसिटी कायदा वापरणाऱ्या आपल्या वकिलांनी हे मुद्दाम वाचावे.

आणि तिथली बौद्ध मंदिरे? मृत बुराकूंना धम्मनाव देताना काही मंदिरांनी पशू, नीच, चामडे अशा अर्थाची अक्षरे थडग्यांवर कोरली. १९७९ साली सोतो झेन पंथाच्या एका प्रमुख पदाधिकाऱ्याने अमेरिकेतील जागतिक धर्मपरिषदेत, जपानात असा भेद नाही, असे ठोकून दिले. नंतर त्याबद्दल माफी मागावी लागली. बाबासाहेबांनी बुद्धाचा धम्म स्वीकारताना बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे कळायला आपल्या मुलांनी ती थडगी एकदा पाहून यावे.

जंगलाचा विषयही आहेच. जपानची दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे. गावाच्या सामाईक जंगलहक्काला तिथे इरिआई म्हणतात आणि त्यांच्या दिवाणी संहितेच्या कलम २६३ व २९४ मध्ये तो मान्य आहे. कोत्सुनागी गावच्या लोकांनी या हक्कासाठी १९१७ पासून १९६६ पर्यंत कोर्ट लढवले. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. त्या परिसरातल्या माडिया-गोंड मुलामुलींनी हे तिथल्या विधी विभागात बसून अभ्यासले तर कोणाला शिकवण्याची गरज पडेल, त्यांना की त्यांच्या प्राध्यापकांना?

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठीच झाले. त्याच्या अधिसभेत आपले पदवीधर निवडून जातात, त्यांनी विचारावे की जपानी विद्यापीठाशी फीमाफीचा करार कधी करणार, तिथले श्रेयांक इथे धरणार काय, आणि त्या वर्षी मुलाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बंद पडू नये म्हणून समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्याला लिहिणार काय. आमदारांनी शाहू महाराज शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या आदानप्रदानासाठी थोड्या तरी जागा मागाव्यात, आदिवासी विकास विभागाकडेही तसेच. जपानी विद्यापीठाचे वर्ष एप्रिलला सुरू होते, दुसरे सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि अर्ज त्याच्या कित्येक महिने आधी जातात. दरम्यान विहारातल्या वाचनालयात संध्याकाळी जपानी अक्षरांचा वर्ग सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.