मोटार जुळली कुठे, की कोणासाठी?

अकोल्यात नवी मोटार घ्यायची ठरली, की घरात आधी किंमत आणि मायलेज यांवर खल होतो. त्यापाठोपाठ हमखास येणारा प्रश्न म्हणजे गाडी 'असली' परदेशी आहे, की इथे जुळवलेली? बोनेटवर जर्मन वा जपानी नाव असले तरी ती चाकण किंवा गुडगावच्या कारखान्यातून आली आहे, असे कळल्यावर अनेकांचा उत्साह थोडा मावळतो. बाहेरच्या देशात घट्ट केलेला नटबोल्ट अधिक काळ टिकतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे.

या समजुतीला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करावे लागेल. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. इटलीत ते मॉडेल साठच्या दशकाबरोबरच इतिहासजमा झाले. कुर्ल्यात मात्र ते किरकोळ फेरफारांनिशी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. पैसे भरून ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असताना दार नीट बसते की नाही, याची फिकीर करण्याचे कारखान्याला कारण नव्हते. हा दोष कामगारांच्या हातांचा नव्हता, परवान्यांच्या कुंपणात बंदिस्त झालेल्या बाजारपेठेचा होता. त्याच देशात, डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. सुझुकीने यंत्रांबरोबर कामाची शिस्तही आणली, कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले, आणि 'इथली गाडी म्हणजे कटकट' हे समीकरण काही वर्षांतच बदलले.

अमेरिकेतील उदाहरण तर याहून बोलके आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना वाईट दर्जा आणि कामगारांची गैरहजेरी यांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतांश कामगार जुनेच होते. तरीही तेथील गाड्यांचा दर्जा थोड्याच काळात जपानी कारखान्यांच्या तोडीचा ठरला. देश, गाव आणि माणसे तीच राहिली, बदलली ती कामाची पद्धत.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१४ च्या अखेरीस 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या या चाचणीत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले आणि त्यांत चाकणची पोलोही होती. तिचा सांगाडा धडकेत स्थिर राहिला होता. मात्र तपासलेल्या गाडीत एअरबॅगच नव्हत्या. कंपनीने त्यानंतर दोन एअरबॅग सर्व पोलोंमध्ये देण्याचा निर्णय घेतला आणि त्या पोलोने चार तारे मिळवले. कारखाना तोच, पत्रा तोच. शून्य आणि चार यांमधले अंतर देशाचे नव्हते, ते भारतीय ग्राहकाला काय द्यायचे या कंपनीच्या हिशेबाचे होते. चालकासाठी एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ साल उजाडले, शेजारच्या आसनासाठी २०२१.

डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ती पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या ज्या प्रकल्पात तयार होत होती, तेथूनच उजव्या सुकाणूची जीप कम्पास ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियाला रवाना होत असे. सुझुकीने तर जानेवारी २०२५ मध्ये भारतात तयार झालेली पाच दारांची जिम्नी खुद्द जपानच्या बाजारात उतरवली. चार दिवसांत सुमारे ५० हजार नोंदण्या आल्याने कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. जपानी ग्राहक गुणवत्तेबाबत किती चोखंदळ असतो, हे वेगळे सांगायला नको. आणि जपानी नाव ही हमी मानावी, तर सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवायला लावणारी आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत निघालेली ताकाता ही कंपनीही जपानचीच.

प्रतिष्ठेचा भाग निराळा. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. मर्सिडीजच्या सी आणि ई श्रेणीच्या मोटारी तेव्हा चाकणलाच जुळत होत्या. त्यामुळे कोणाच्या रुबाबात उणेपण आल्याचे ऐकिवात नाही.

ठिकाणाचा परिणाम होतो तो वेगळ्याच अंगाने. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. खालची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उखडते. अमरावती-अकोला महामार्गाची दुरवस्था वऱ्हाडाने वर्षानुवर्षे सोसली. जून २०२२ मध्ये त्याच मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम झाला. अशा उष्म्यात आणि अशा रस्त्यांवर मोटार किती दिवस कुरकुर न करता धावेल, हे रेडिएटर, वातानुकूलन, सस्पेन्शन आणि सुटे भाग किती लवकर मिळतात यांवर ठरते. संपूर्ण आयात केलेल्या गाडीचा एखादा भाग परदेशातून यायचा असेल आणि जाणकार कारागीर अडीचशे किलोमीटरवरच्या नागपुरात असेल, तर तिचे जन्मस्थान मालकाच्या काय कामाचे? इथे तिच्यापेक्षा गावातच दुरुस्त होणारी, देशात जुळलेली गाडी अधिक भरवशाची ठरते.

चेसिस क्रमांकाची पहिली अक्षरे गाडी कोणत्या देशात तयार झाली ते सांगतात, तिच्यात एअरबॅग किती आहेत ते सांगत नाहीत. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' सुरू झाले. त्यात इथे विकल्या जाणाऱ्या गाडीचीच परीक्षा होते. अडचण एवढीच, की ही चाचणी ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. आपल्या गाडीविषयी ज्या कंपनीला शंका असेल, तिने ती चाचणीला न पाठवण्याची मुभा त्यात राहिली. शोरूममध्ये 'कुठली बनावट?' असे विचारणाऱ्यांनी 'तपासली आहे का?' असे विचारायला लागेपर्यंत या मुभेवर बाजाराचा दबाव येण्याची चिन्हे नाहीत.