बरोबरींत सुटलेला डाव

गेल्या सत्रांत शाळेच्या बुद्धिबळाच्या सामन्यांत एक डाव दोन तासांनीं बरोबरींत सुटला. दोन्ही मुलें थकलेलीं, पण प्रसन्न होतीं. त्यांपैकीं एकाचे वडील त्यास न्यावयास आले होते, ते म्हणाले, “मग एवढा वेळ दवडून हातीं काय लागलें?” आपल्या सामन्यांत असा डाव रद्द समजून पुनः खेळवितात, तेव्हां त्या गृहस्थांस तरी दोष कसा द्यावा? मला मात्र हा नियमच अन्यायाचा वाटतो.

१९६२ सालीं बल्गेरियांतील वार्ना शहरीं भरलेल्या ऑलिंपियाडमध्यें जगज्जेते मिखाईल बोट्विनिक, वय ५१, व अमेरिकेचा बॉबी फिशर, वय १९, हे आयुष्यांत एकदांच पटावर समोरासमोर बसले. बोट्विनिक यांनीं घरीं कसून तयारी केली होती. परंतु १७ व्या खेळीस फिशरनें वजिरानें एक प्यादें मारलें, आणि नेमकी हीच खेळी त्या तयारींत राहून गेली होती. जगज्जेत्याच्याही वहींत चूक सांपडते, हें आमच्या हुशार विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें! डाव तहकूब झाला तेव्हां फिशरचें एक प्यादें अधिक होतें. त्या रात्रीं सोव्हिएट संघाची मंडळी पट मांडून बसली. हत्ती व प्यादीं एवढ्यावरच आलेल्या त्या डावांत बचावाची वाट येफिम गेलर यांस सांपडली. ६८ खेळ्यांनंतर बरोबरी झाली. प्रत्येकास अर्धा गुण.

पण डाव तेथें संपला नाहीं. १९६९ सालच्या आपल्या पुस्तकांत फिशरनें, हा डाव आपणांस जिंकतां आला असता, असें विस्तारानें मांडलें. बोट्विनिक यांस तें मान्य नव्हतें. त्यांच्या बुद्धिबळशाळेंतील गॅरी कास्पारोव्ह या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्या मांडणींतून बरोबरीचा मार्ग शोधून काढला. हा मुलगा १९८५ सालीं स्वतः जगज्जेता झाला. आमच्या नियमानें तो डाव रद्द ठरून त्याच सायंकाळीं विसरला गेला असता.

दहा खेळ्यांत हात मिळवून उठणारांची तरफदारी मी करीत नाहीं. ती बरोबरी नव्हे, तो आळस होय. परंतु लढून आलेल्या बरोबरीस पुढील वर्षापासून अर्धा गुण द्यावा, आणि प्रत्येक खेळाडूनें खेळ्या लिहून ठेवाव्या, अशी माझी सूचना आहे. त्या दोन मुलांनीं कांहींच लिहिलें नव्हतें. परवां विचारलें, तेव्हां एकास पहिल्या अकराच खेळ्या आठवल्या.