वाटी-चमच्याचे दिवस

बाळ सहा महिन्यांचं झालं की घरात एक जेवणारं माणूस वाढतं. तोवर सगळा कारभार आई आणि बाळ या दोघांपुरताच असतो. दूध कधी हवं, किती हवं, कुठल्या कुशीवर हवं, हे त्या दोघांनाच ठाऊक. बाकीच्यांनी न्हाऊ-माखू घालायचं, झोका द्यायचा, दुपटी वाळत टाकायची. पण वाटी-चमचा आला की अख्खं घर त्या जेवणात उतरतं. आजीला मुगाच्या डाळीची आटवलेली खिमटी आठवते, आजोबा बाजारातून येताना लाल भोपळ्याची फोड घेऊन येतात, आणि समोरच्या काकू रताळं उकडून पाठवतात. मला विचाराल तर लहानग्याच्या आईला मिळणाऱ्या आनंदांतला फार मोठा वाटा या वाटीत आहे. तो पदरात पडायला पैसा फारसा लागत नाही, वेळ मात्र लागतो.

आमच्याकडे मुलीचं उष्टावण पाचव्या किंवा सातव्या महिन्यात आणि मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात करायची रीत आहे. डॉक्टर सांगतात की सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. लेकीला सातवा लागल्यावर उष्टावण केलं, त्यामुळे सासूबाईही खूश आणि डॉक्टरही. पाटाभोवती रांगोळी काढली, औक्षण झालं, मामाने भाचीला मांडीवर घेतलं आणि चांदीच्या वाटीतली खीर बोटाच्या टोकाने तिच्या ओठांना लावली. तिने कपाळाला आठ्या घातल्या, ओठांचा चंबू केला आणि जिभेने ती खीर हनुवटीवर ढकलून दिली. मामाचा चेहरा पडला. “आवडली नाही वाटतं,” तो म्हणाला.

तसं नसतं. तान्ह्या बाळाची जीभ तोंडात आलेली घट्ट वस्तू आपोआप बाहेर ढकलते. ती निसर्गाने दिलेली राखण आहे, घशात नको ते जाऊ नये म्हणून. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ही सवय हळूहळू ओसरते. तोवर फक्त ओढून गिळणं ठाऊक असलेल्या जिभेला आता घास मागे न्यायचा, घोळवायचा आणि मग गिळायचा, हे सगळं नव्याने शिकायचं असतं. म्हणून पहिल्या दिवसांत वाटीतलं निम्मं लाळेऱ्यावर सांडतं. एखादी चव बाळाला आपलीशी वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पुढे यावी लागते. हे कळलं की आईच्या जिवाचा घोर निम्मा कमी होतो. आज तोंड फिरवलं म्हणजे दुधी कायमचा नावडता झाला, असं नाही. दोन दिवसांनी पुन्हा द्यायचा, चमचाभरच द्यायचा, आणि खाल्ला नाही तर हसून वाटी बाजूला ठेवायची.

माझं माहेर चिपळूणकडचं. तिकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी पिकते. लेकीचं उष्टावण झालं आणि आई पुण्याला आली ती पिशवीत नाचणी घेऊनच. सत्त्व दुकानात तयार मिळतं, पण तिला ते घरीच करायचं होतं. तिने ताटात नाचणी पसरून खडे निवडले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली आणि रात्रभर भिजत घातली. सकाळी उपसून सुती फडक्यात गच्च बांधली आणि वर ताट झाकून ठेवली. पुढच्या दिवशी फडकं उघडलं तेव्हा लालसर दाण्यांना पांढरे, सुईच्या टोकाएवढे मोड आले होते. ओल्या मातीसारखा वास घरभर सुटला. मग ती नाचणी गॅलरीत, उन्हात नव्हे तर सावलीत, जुन्या लुगड्यावर वाळली. मंद आचेवर हलकीशी भाजून, दळून, शेवटी मलमलीच्या कपड्यातून वस्त्रगाळ केली. खाली जे पीठ पडलं ते पावडरसारखं मऊ होतं. आई ते चिमटीत घेऊन दोन बोटांत घासून बघत होती, आणि मी तिच्या बोटांकडे. माझ्यासाठीही तिने हे असंच केलं असणार.

आमच्या आज्या-पणज्या मोड का आणवत होत्या, त्याचं उत्तर आता आहारशास्त्र देतं. दाण्याला मोड येताना त्यात असं एक विकर तयार होतं, जे पिठातला स्टार्च फोडायला लागतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते, चिकट गोळा होत नाही. साहजिकच तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं! त्या इवल्या पोटात पाणी कमी आणि सत्त्व जास्त जावं, ही त्यामागची करामत. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात ते अगदीच नगण्य. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरड तृणधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा नाचणीचं कौतुक जगभर झालं. कोकणातल्या बाळांच्या वाटीत ती कधीपासूनच होती.

एकट्या नाचणीवर मात्र भागत नाही. आईच्या पोटात असताना बाळाने साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं, आणि दुधातून ते पुरेसं मिळत नाही. म्हणून डाळ हवी, पालेभाजी हवी, चालत असेल त्या घरी अंडं, मासे, मटणाचं सूप नव्हे तर शिजवून बारीक केलेलं मटण हवं. वरून लिंबाचे दोन थेंब, म्हणजे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि चमचाभर साजूक तूप. मीठ आणि साखर वर्षभर दूरच ठेवायची, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. वरणाचं नुसतं पाणी पाजायची आपल्याकडे सवय आहे, पण सगळं बळ खाली बसलेल्या डाळीत असतं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या डाळ-भात पुरणयंत्रातून काढू लागल्या. “आमच्या वेळी पाणीच द्यायचो गं, पण तुझं पटतंय मला,” असं म्हणून त्यांनी वाटी पुढे केली. सून आणि सासू एका वाटीवरून एकमेकींच्या किती जवळ येऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आता लेक आठ महिने उलटून नवव्यात आहे. दुपारचं जेवण सासूबाई भरवतात आणि संध्याकाळचं मी. ऑफिसातून आल्यावर हात-पाय धुऊन मी जमिनीवर फतकल मारून बसते, ती समोर तिच्या बाबाच्या मांडीत. वाटी दिसली की तिचे दोन्ही पाय हलायला लागतात. पहिले चार-पाच घास ती भुकेने, घाईने खाते. त्यानंतर खरी गंमत सुरू होते. ती चमचा धरते, माझ्या हातातून ओढून घेते आणि उलटी बाजू तोंडात घालते. म्हणून आता दोन चमचे असतात, एक तिचा, एक माझा. एक घास मला भरवायला येते, तिच्या लाळेने ओला झालेला. मी तो खाते. मग ती बाबाकडे वळते.

परवा तिने पहिल्यांदा भाताचं एक शीत चिमटीत धरलं. आधी ती सगळा पंजा ताटलीवर आपटून मिळेल ते मुठीत घ्यायची, आणि मुठीतलं तोंडापर्यंत पोचायचं नाही. त्या संध्याकाळी ताटलीच्या कडेला एकच शीत चिकटलेलं होतं. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. तर्जनी पुढे केली, शीत निसटलं. पुन्हा केली, पुन्हा निसटलं. मग अंगठा हळूच बाजूने आला आणि दोन बोटांच्या मध्ये ते शीत आलं. तिने ते डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं आणि तोंडात टाकलं. नवव्या महिन्याच्या आसपास मुलांना ही चिमूट जमते, असं पुस्तकात वाचलेलं होतं. पण आपल्या लेकीच्या अंगठ्याला तर्जनी सापडताना बघणं, याची सर कशालाच येत नाही. मी आणि तिचा बाबा, दोघंही काही क्षण बोललोच नाही, आणि मग एकदमच “आई, बघा!” म्हणून ओरडलो.

असं काही बघायला मिळण्यासाठी तिथे असावं लागतं, निवांत असावं लागतं. माझ्यासारख्या नोकरीवाल्या आईच्या बाबतीत नेमकी इथे गाठ बसते. 2017 सालच्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यामुळे कितीतरी बाळांना सहा महिने आईचं दूध मिळालं. पण 26 आठवडे म्हणजे सहाच महिने, आणि त्यातले काही दिवस बाळंतपणाआधीच खर्ची पडतात. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाच्या हाती वाटी येते, त्याच सुमारास आईच्या खांद्यावर ऑफिसची पर्स येते. 50 किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात तिथे पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं, असंही कायदा सांगतो. ही सोय जिथे खरोखर आहे, तिथल्या आया दुपारचा घास स्वतः भरवू शकतात. प्रत्येक आईला हे मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्यांना रजाच नाही त्यांचं काय? आमच्या सोसायटीच्या मागे इमारतीचं काम चाललंय. तिथे विटा वाहणारी एक बाई दुपारच्या सुट्टीत पोराला मांडीवर घेऊन भाकरी चुरते, डाळीत कालवते आणि बोटाने भरवते. तेवढ्यात मुकादमाची हाक येते. घास तोंडात तसाच ठेवून पोरगं आईकडे बघत राहतं. तिच्या हातची चव माझ्या सत्त्वापेक्षा कुठेही उणी नाही, उणा आहे तो तिच्या हाताशी असलेला वेळ. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम 11 टक्के मुलांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो, असं दिसलं. त्यामागे गरिबी आहेच. पण त्यात आईला उसंत नसणंही आहे, आणि ‘डाळ पचणार नाही, अंडं गरम पडेल’ अशी आपल्या घराघरांतली भीतीही आहे. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे गावोगावी अंगणवाड्या आल्या. तिथल्या ताई बाळांची वजनं घेतात, घरी न्यायचा आहार देतात, वाटीत काय घालावं ते आयांना समजावतात. माझ्या माहेरच्या गावात त्या ताईंना लोक घरच्यासारखं मानतात, आणि ते योग्यच आहे.

बाळाला भरवणं हे काम आहे, आणि ते घाईने उरकण्यासारखं नाही. मोबाइलवर गाणी लावून, हात धरून, घास कोंबून वाटी पाच मिनिटांत रिकामी होईलही, पण बाळ त्यातून एवढंच शिकेल की आपल्या भुकेशी कुणाला देणंघेणं नाही. उलट, तोंड मिटलं की थांबणारा चमचा त्याला सांगतो, की तुझं ‘नको’ मला कळलं. आई आणि लेकरू यांच्यातलं बोलणं शब्द फुटायच्या कितीतरी आधी या वाटीवर सुरू होतं. चिऊचा आणि काऊचा घास काढणाऱ्या आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं. त्या घास मोजत नव्हत्या, गोष्ट सांगत होत्या.

तेव्हा तुमच्या घरी असं वाटी-चमच्याचं बाळ असेल, तर त्याच्या आईसाठी एवढं करा. ती भरवायला बसायच्या आधी तिच्या पुढ्यात गरम पोळी-भाजीचं ताट ठेवा, कारण उपाशी आईचा हात घाई करतो. तेवढा वेळ दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि पाहुण्यांचा चहा तुम्ही बघा. नवरे असाल तर आठवड्यातले काही घास तुमच्याच हातचे असू द्या, बाबाच्या मांडीवर बसलेलं बाळ तितकंच गोड खातं. सांडलेलं मागाहून पुसता येतं. आणि आयांनो, तुम्हीही त्या अर्ध्या तासाचा हक्क सोडू नका. ऑफिसात सांगा, घरात सांगा, स्पष्ट सांगा, की या वेळी मी माझ्या बाळाला भरवते. वर्ष-दीड वर्षात हे मूल आपल्या हाताने जेवायला लागेल आणि लागायलाच हवं. तोवरचे हे दिवस सगळ्या घराने मिळून जपायचे आहेत.