पोखरापूरला पाठवण्यापूर्वी

‘सर, पोराचं नवोदयला नाव लागलं. पाठवू का?’ दरवर्षी कोणी ना कोणी पालक मला हे विचारतोच. माझ्या मते हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी, घरात, मुलाच्या समक्ष विचारला गेला पाहिजे. (आपल्या स्मरणिकेत दुसऱ्या निवासी शाळेविषयी लिहितो आहे, हे संपादकांनी गोड मानून घ्यावे.)

सोलापूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीच्या जागा फार तर ८०, त्यातील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. निवास, भोजन, पुस्तके विनामूल्य. शेतमजुराच्या घराला ही संधी लहान नव्हे. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. घर सोडून शिकण्याचे मोल आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. परंतु येथे घर सोडणारे मूल अवघे दहा-अकरा वर्षांचे असते. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते, नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी प्रदेशातील नवोदयात राहावे लागते. पुष्कळ पालकांना हे प्रवेशानंतर कळते.

माझ्या आग्रहाने गेलेला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तो परतलाच नाही. वडिलांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. दोष शाळेचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच. परीक्षेची सगळी तयारी मी करून घेतली होती. त्याला विचारले मात्र नव्हते.

तेव्हापासून मी पालकांना सांगतो, तिथे शिकलेल्या एखाद्या मुलाशी आपल्या मुलाला एकट्याने बोलू द्या. त्यानंतर ते ‘नको’ म्हणाले, तर अर्ज भरू नका.